पडदा काळा राहिलेला जुना संगणक व त्यांतील दप्तर

संगणक हें यंत्र आतां शेतकऱ्याच्या घरांत व गांवच्या सोसायटींत नवें राहिलेलें नाहीं. उलट पुष्कळ ठिकाणीं तें जुनें होऊन कोपऱ्यांत पडलें आहे. प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांचा कारभार एकाच संगणक-प्रणालीवर आणण्याची योजना केंद्र सरकारनें २०२२ सालच्या जून महिन्यांत मंजूर केली. तींत ६३,००० संस्था व २,५१६ कोटि रुपयांचा खर्च धरलेला होता. अशा रीतीनें नवीं यंत्रें येतात तसतशीं जुनीं बाजूस सरतात. परंतु नव्या यंत्रांत जुनें सर्व दप्तर गेलेंच असेल, असें नाहीं. सभासदांचीं मागील खातीं, सभांचीं इतिवृत्तें, घरच्या उसाचे व द्राक्षांचे हिशेब, सामाईक विहिरीच्या पाळ्या, वडिलांच्या हयातींतील छायाचित्रें, हें सारें बहुधा जुन्या पेटींतच असतें.

मग एके दिवशीं गरज पडते. बटण दाबावें तों दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. अशा वेळीं लोकांच्या हातून दोन चुका होतात. कोणी, यंत्र गेलें म्हणजे दप्तरही गेलें, असें समजून पेटी भंगारांत देतो. कोणी ती दुकानांत नेऊन 'कसेंही करून चालू करा' एवढेंच सांगतो. आणि कारागीर नवी प्रणाली भरून यंत्र चालू करून देतो, पण त्या भरण्यांत जुनें दप्तर पुसलें जातें. ह्या दोन्ही हानि टळाव्या म्हणून हा पाठ लिहीत आहों. त्याचें सार इतकेंच कीं, पडदा काळा राहणें हा बहुधा यंत्राचा दोष असतो, दप्तराचा नसतो. म्हणून आधीं दप्तर सोडवावें, यंत्राचें मागाहून पाहावें.

१. दप्तर कोठें असतें

ज्या पेटीस लोक 'सीपीयू' म्हणतात तींत अनेक भाग असतात. वीज योग्य दाबानें पुरविणारी एक लहान पेटी असते. तिला कारागीर एसएमपीएस म्हणतात. सर्व भाग ज्या पाटावर बसविलेले असतात तो मदरबोर्ड. त्यावर गणित करणारा प्रोसेसर व रॅमच्या पट्ट्या असतात. रॅम ही पाटीसारखी आहे. काम चालू असेपर्यंत तिजवर लिहिलेलें राहतें व वीज गेली कीं ती कोरी होते. हार्ड डिस्क ही खतावणी होय. तींत लिहिलेलें वीज गेल्यावरही कायम राहतें. आपलें दप्तर ह्या डिस्कमध्यें असतें, इतर कोठेंही नाहीं.

आम्हीं महसुली कचेरींत दप्तर सांभाळण्यांत हयात घालविली, म्हणून त्याच भाषेंत सांगतों. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. खोलींतील दिवा विझला म्हणून रुमालांतील कागद कोरे होत नाहींत. दिवा लागेपर्यंत ते वाचतां येत नाहींत, इतकेंच. पडदा हा दिवा आहे, आणि डिस्क हा रुमाल आहे. दिवा दुरुस्त होत नसेल तर रुमाल उचलून उजेडाच्या खोलींत न्यावा.

अशी पहिली डिस्क आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणली. तींत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि सर्व मिळून सुमारें पांच मेगाबाइट मजकूर मावत असे. आजच्या मोबाइलनें काढलेल्या एक-दोन छायाचित्रांनीं ती भरून गेली असती! आतां ती तळहातावर मावते, पण रचना मुळांत तीच राहिली आहे. घरगुती संगणकांतील तबकडी मिनिटास बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, व वाचणारें टोक तिला न शिवतां, केंसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी अंतरावर तरंगतें. म्हणून ही पेटी चालू असतां आपटूं नये, आणि डिस्कचें झांकण तर घरीं कधींही उघडूं नये. आंत गेलेला धुळीचा एक कणही तबकडीस ओरखडा पाडण्यास पुरेसा होतो.

२. आधीं कान द्यावा

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं यंत्र एकवार चालू करून पेटीजवळ कान न्यावा. डिस्क निरोगी असली तर हलका एकसारखा आवाज येतो. ठराविक अंतरानें 'टक् टक्' असा आवाज आला, किंवा घासल्यासारखी खरखर ऐकूं आली, तर ताबडतोब वीज बंद करावी. हें तबकडीचें अथवा टोकाचें दुखणें आहे. प्रत्येक वेळीं बटण दाबल्यानें तें वाढतें. अशा डिस्कवर घरगुती उपाय करूं नयेत. ती थंड पेटींत ठेवावी, हातानें ठोकावी, असे जे उपाय सांगितले जातात त्यांनीं लाभापेक्षां हानिच अधिक होते. दप्तर मोलाचें असेल तर ती डिस्क दप्तर सोडविण्याचाच धंदा करणाऱ्या जाणत्याकडे द्यावी.

असा आवाज नसेल तर पुढील तपासणी निर्धास्तपणें करावी.

३. बाहेरची तपासणी

पुष्कळ वेळां दोष पेटींत नसतोच. म्हणून खालील गोष्टी क्रमानें पाहाव्या.

(अ) मॉनिटरचा दिवा लागतो कीं नाहीं तें पाहावें. दिवा लागत असून पडदा काळा असेल तर केबल दोन्ही टोकांस काढून पुन्हां घट्ट बसवावी. मॉनिटरला दोन-तीन जातींच्या केबली लागत असल्यास, आपण लावली आहे तीच त्यावर निवडलेली आहे ना, हें त्याच्या बटणांनीं तपासावें.

(आ) तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकास, किंवा दुसरा मॉनिटर आपल्या संगणकास लावून पाहावा. ह्या एका अदलाबदलीनें दोष कोणत्या बाजूचा आहे तें निश्चित कळतें.

(इ) पेटीच्या मागें पडद्याची केबल लावण्यास कधीं कधीं दोन जागा असतात. एक मदरबोर्डाची व दुसरी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची. कार्ड बसविलेलें असल्यास केबल कार्डासच लावावी.

(ई) कळफलकावरील 'कॅप्स लॉक' किंवा 'नम लॉक' कळ दाबावी. तिचा दिवा लागून विझत असेल तर यंत्र आंतून जिवंत आहे व दोष बहुधा केवळ दिसण्याचा आहे, असें समजावें.

(उ) जुन्या एसएमपीएसच्या मागें ११५ व २३० असे आंकडे असलेलें लाल बटण कधीं कधीं असतें. आपल्याकडे तें २३० वरच असलें पाहिजे. मुलांनीं खेळतां खेळतां तें ११५ वर सरकविलें असेल तर वीज देतांच ती पेटी जळते. म्हणून पुष्कळ दिवस पडून असलेलें यंत्र जोडण्यापूर्वीं हें अवश्य पाहावें.

लॅपटॉप असेल तर अंधाऱ्या खोलींत पडद्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकावा. अंधुक चित्र दिसलें तर पडद्यामागचा उजेड तेवढा गेला आहे असें ठरतें. त्यास बाहेरून मॉनिटर किंवा टीव्ही जोडला कीं काम होतें.

४. पेटी उघडून करावयाची तपासणी

प्रथम विजेची वायर भिंतींतून काढावी. त्यानंतर चालू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. भागांस हात लावण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या पत्र्यास स्पर्श करावा. अंगावरील स्थिर विजेनें नाजुक भाग बिघडतात. एसएमपीएस मात्र कधींही उघडूं नये. वायर काढल्यावरही तींत जीवघेणी वीज सांठून राहूं शकते.

पेटी उघडतांच धूळ, कोळ्याचीं जाळीं, क्वचित् पालीचीं अंडीं किंवा मुंग्यांचें वारूळ आढळेल. मऊ कुंचल्यानें हें सर्व काढावें. ओलें फडकें लावूं नये. मग रॅमकडे वळावें. पंखा फिरतो पण पडदा काळा, ह्या तक्रारीचें नित्याचें कारण रॅमच्या पट्टीचा ढिला किंवा मळलेला जोड हें असतें. दोन्ही टोकांच्या खुंट्या दाबून पट्टी बाहेर काढावी. तिच्या सोनेरी कडेवर पेन्सिलीचा मऊ रबर हलकेंच फिरवावा, कण झटकून टाकावे, आणि खुंट्यांचा 'टक्' असा आवाज होईपर्यंत ती सारख्या दाबानें पुन्हां बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहावी, व जागाही बदलून पाहावी.

मदरबोर्डावर रुपयाएवढी वाटोळी बॅटरी असते. तिचें नांव सीआर २०३२, दाब ३ व्होल्ट. ती संपली म्हणजे यंत्र तारीख विसरतें, आणि कांहीं जुनीं यंत्रें मुळींच पडदा दाखवीत नाहींत. ही बॅटरी स्वस्त असते. वीज काढलेली असतां ती बदलून पाहण्यास हरकत नाहीं. त्याच वेळीं बोर्डावरील लहान डब्यांसारख्या कपॅसिटरांचे माथे पाहावे. ते फुगलेले किंवा त्यांतून कांहीं पाझरलेलें दिसलें तर बोर्ड गेला असें समजावें. सुमारें १९९९ ते २००७ ह्या काळांत बनलेल्या पुष्कळ बोर्डांत हा दोष आढळला आहे.

चालू करतांना यंत्र शिट्टीसारखे आवाज करीत असेल तर ते मोजावे. ती त्याची तक्रार सांगण्याची रीत आहे. अवॉर्ड जातीच्या व्यवस्थेंत एक लांब व दोन आंखूड आवाज म्हणजे पडद्याच्या भागाचा दोष. एएमआय जातींत तीन आंखूड म्हणजे स्मरणाचा, आठ म्हणजे पडद्याच्या स्मरणाचा दोष. बनावटीप्रमाणें हे संकेत बदलतात, म्हणून बोर्डाचें नांव पाहून अर्थ लावावा.

इतकें करूनही पडदा उजळला नाहीं तर यंत्राचा नाद सोडावा. जुन्या बोर्डावर खर्च करण्याचें कारण नाहीं.

५. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडणें

डिस्क चार स्क्रूंनीं बसविलेली असते. तिच्या मागील जोड पाहून जात ओळखावी. चाळीस कांट्यांची रुंद चपटी पट्टी असेल तर ती आयडीई जातीची. अरुंद, बोटभर रुंदीची केबल असेल तर साटा जातीची. साटा पद्धत २००३ सालापासून आली. त्यापूर्वींच्या यंत्रांत बहुधा आयडीईच असावयाची. दोन्ही जातींस यूएसबीनें जोडणारा अडॅप्टर बाजारांत मिळतो. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या पांच व्होल्टांवर चालते. परंतु मोठ्या संगणकाच्या साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टही लागतात, म्हणून तिजसाठीं स्वतंत्र विजेची वायर असलेलाच अडॅप्टर घ्यावा.

डिस्क जोडल्यावर नव्या यंत्राच्या पडद्यावर कांहीं प्रश्न येऊं शकतात. 'ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावी काय?' असें विचारलें तर उत्तर एकच : नाहीं. 'तपासून दुरुस्त करावी काय?' असें विचारलें तरी नक्कल होईपर्यंत नाहींच म्हणावें. मूळ डिस्कवर एक अक्षरही नवें लिहावयाचें नाहीं, हा ह्या कामाचा मुख्य नियम होय. पुसलेली फाइल लगेच नाहींशी होत नसते. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, इतकेंच. त्या जागेवर नवें लिहिलें गेलें म्हणजे मात्र ती कायमची जाते. शेताच्या बांधावरची निशाणी पुसली तरी जमीन राहते. तिजवर दुसऱ्यानें घर बांधलें म्हणजे भांडण अवघड होतें, तसेंच हें आहे.

डिस्क वाचतांना अडखळत असेल तर फाइली एकेक उचलूं नयेत. 'डीडीरेस्क्यू' नांवाची मोफत प्रणाली लिनक्सवर चालते. ती आधीं चांगला भाग उतरून घेते व मग खराब जागांकडे परतते. तिनें संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर करून, पुढील सर्व काम त्या प्रतीवर करावें. पुसलेल्या फाइली शोधण्यासाठीं 'टेस्टडिस्क' व 'फोटोरेक' ह्या दोन प्रणाली मोफत मिळतात.

अलीकडच्या कांहीं लॅपटॉपांत डिस्क 'बिटलॉकर' नांवाच्या कुलुपांत असते. तें उघडण्यास ४८ आंकड्यांची किल्ली लागते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत नोंदलेली असूं शकते. म्हणून यंत्र धड आहे तोंच ती कागदावर उतरून तिजोरींत ठेवावी.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत चार भावांची एक सामाईक विहीर आहे. विजेचें बिल, पंपाची दुरुस्ती व पाण्याच्या पाळ्या ह्यांची अकरा वर्षांची नोंद थोरल्यानें संगणकावर ठेविली होती. थोरला वारला, आणि त्याच वर्षीं संगणकाचा पडदा काळा झाला. कोणाचें किती येणें ह्यावरून धाकट्यांत बोलणें बंद होण्याची वेळ आली. एका दुकानदारानें 'यंत्र संपलें, नवें घ्या' म्हणून सांगितलें, व तें खरेंही होतें. बोर्डाचे कपॅसिटर फुगले होते. परंतु डिस्क निरोगी होती. ती काढून पुतण्याच्या लॅपटॉपला जोडतांच तासाभरांत सर्व नोंद हातीं आली. कागदावर छापून ती चौघांच्या घरीं वांटली, तेव्हां ज्याचें देणें निघालें त्यानेंही तें मान्य केलें. कारण अक्षर व हिशेब थोरल्याचा होता.

६. आधीं काय उतरावें

सातबारा व आठ-अ हे उतारे महाभूलेखाच्या संकेतस्थळावरून पुन्हां काढतां येतात. खरेदीखताची नक्कल निबंधकाच्या कचेरींतून मिळते. बँकेचा उतारा बँक देते. म्हणून हे कागद शेवटीं उतरावे. जें दुसऱ्या कोणाच्या दप्तरीं नाहीं तें आधीं उचलावें : घरगुती हिशेब, भावाभावांतील लेखी समजुती, पिकांच्या व फवारणीच्या नोंदी, संस्थेचीं इतिवृत्तें, छायाचित्रें.

हें सर्व सांपडण्याच्या जागाही ठराविक आहेत. विंडोज एक्सपीमध्यें 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' ह्या फोल्डरांत, व पुढील विंडोजमध्यें 'यूजर्स' ह्यांत, मालकाच्या नांवाचें फोल्डर असतें; त्यांत 'डेस्कटॉप' व 'डॉक्युमेंट्स' पाहावीं. पुष्कळांस फाइली पडद्यावरच ठेवण्याची संवय असते, म्हणून 'डेस्कटॉप' विसरूं नये. टॅलीचे हिशेब असतील तर एखाद-दुसरी फाइल न घेतां तिचें 'डेटा' फोल्डर सबंध उचलावें.

७. फाइल उघडली, पण अक्षर लागत नाहीं

मराठी वाचकांस एक निराळी अडचण येते. जुनी फाइल नव्या यंत्रांत उघडतांच मराठीऐवजीं रोमन अक्षरें व चिन्हें ह्यांचा गोंधळ दिसतो, आणि फाइल बिघडली असें वाटून लोक ती टाकून देतात. ती बिघडलेली नसते. युनिकोड ह्या जागतिक पद्धतींत देवनागरीस १९९१ सालींच स्थान मिळालें; पण तिचा प्रसार होण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंपर्यंत श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, किरण इत्यादि फाँटांत, व पुण्याच्या सीडॅक संस्थेच्या आयएसएम प्रणालीनें, मराठी लिहिलें जाई. ह्या फाँटांत रोमन अक्षराच्या जागीं मराठी वळण बसविलेलें असे. तो फाँट नसला कीं खालचें रोमन उघडें पडतें. मोडी न येणाऱ्यास मोडी कागद कोरा नसूनही निरुपयोगी वाटतो, तसाच हा प्रकार आहे.

यावर उपाय सोपा आहे. जुन्या डिस्कवरील 'विंडोज' फोल्डरांतील 'फाँट्स' हें फोल्डरही उतरून घ्यावें व तो फाँट नव्या यंत्रांत बसवावा. अक्षर पूर्ववत् दिसेल. पुढें परिवर्तकानें मजकूर युनिकोडमध्यें आणावा. मात्र त्यानंतर आंकडे व जोडाक्षरें मुळाशीं ताडून पाहावीं. हिशेबांत एक आंकडा चुकला तरी सर्व श्रम फुकट जातात.

८. पुढील व्यवस्था

दप्तर हातीं आल्यावर त्याच्या तीन प्रती असाव्या. त्यांपैकीं दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, व एक दुसऱ्या जागीं, म्हणजे दुसऱ्या घरीं किंवा इंटरनेटवरील सांठ्यांत. ज्यावरून वाद होऊं शकतो असे हिशेब दर वर्षअखेर कागदावर छापून, तारीख घालून, संबंधितांच्या सह्या घ्याव्या.

जुनें यंत्र दुरुस्त झालें तरी तें इंटरनेटला जोडूं नये. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं, व विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे.

यंत्र कारागिराकडे द्यावयाचें तर पोंचपावतीवर 'डिस्क पुसूं नये, फॉरमॅट करूं नये, जुनी डिस्क परत करावी' असें लिहवून घ्यावें. शक्य तर डिस्क घरीं काढून ठेवूनच पेटी द्यावी. तींत आधार, बँक व सभासदांची माहिती असते. भंगारांत घालतांनाही हेंच धोरण ठेवावें. नुसत्या फॉरमॅटनें मजकूर जात नाहीं. नक्कल तपासून झाल्यावर सर्व डिस्कवर दुसरें लेखन फिरवून मगच ती सोडावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणें असें सामान नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावयास पाहिजे.

ज्या सोसायटीच्या कोपऱ्यांत बंद पडलेली पेटी आहे, तिच्या पंचांनीं पुढील सभेंत हा विषय घ्यावा, ती पेटी उघडून डिस्कवर संस्थेचें नांव व साल लिहावें, आणि दप्तर कोणी व किती दिवसांत उतरावयाचें तें ठरवून इतिवृत्तांत नोंदवावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.